कुंकळ्ळीकरीण : नावात जपलेले गाव

गोव्याच्या केपे तालुक्यातील फातर्पा या गावी प्रथमच जाणाऱ्या भाविकाने शांतादुर्गेच्या देवळाची वाट विचारली, तर उत्तराऐवजी त्यालाच प्रश्न विचारला जातो, "कोणती शांतादुर्गा? फातर्पेकरीण की कुंकळ्ळीकरीण?" एकाच गावात एकाच नावाच्या देवीची दोन देवळे का, असे कोडे त्याला पडते. पहिली देवी फातर्प्याची ग्रामदेवता आहे. दुसरी शेजारच्या सासष्टी तालुक्यातील कुंकळ्ळी गावाची आहे. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ती येथे आश्रयाला आली आणि येथेच राहिली. तिच्यासाठी भव्य मंदिर उभे राहिले, पौषातील जत्रेला हजारोंचा समुदाय लोटू लागला, रथोत्सव सुरू झाले. तिचे वैभव वाढले, परंतु तिचे नाव बदलले नाही. फातर्प्यात राहूनही ती कुंकळ्ळीकरीणच राहिली.

या एका नावात गोमंतकाच्या हिंदू समाजाचा चार शतकांचा इतिहास साठवलेला आहे. देऊळ पाडता येते, जमीन जप्त करता येते, ग्रंथ जाळता येतात. मात्र समाजाने आपल्या देवतेला दिलेले नाव कोणत्याही फर्मानाने पुसता येत नाही. ज्यांच्या घरातून हे नाव गेले नाही, त्यांच्या मनातून गावही गेले नाही. आज देवळांच्या पुनरुभारणीची चर्चा मोठ्या प्रमाणावर होत असताना, दगडाविना चारशे वर्षे टिकलेल्या या मंदिराचा विचार अगत्याने केला पाहिजे.

देवी आणि गावकरी

गोव्यात शांतादुर्गेची अनेक देवळे आहेत, तशीच सातेरीचीही आहेत. सातेरी म्हणजे सांतेर, म्हणजे वारुळाच्या रूपातील भूमाता. कित्येक गाभाऱ्यांत आजही वारूळच पूजले जाते. जंगल तोडून, खाजणे बांधून, शेते पिकवून ज्यांनी गाव वसविले त्यांनी प्रथम त्या भूमीलाच देवी मानले. पुढे याच सातेरीची अनेक ठिकाणी शांतादुर्गा झाली. शिव आणि विष्णू यांच्यात घनघोर युद्ध पेटले असता देवी मध्ये उभी राहिली, तिने दोघांना आवरले आणि विश्वाला शांतता दिली, अशी कथा सांगितली जाते. दुर्गा असूनही ती शांता आहे. तिच्या ठायी सामर्थ्य आहे आणि ते सामर्थ्य आपसांतील कलह मिटविण्यासाठी आहे. ही कथा वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

जुन्या गोमंतकात गाव चालवीत असे ती गावकरी, म्हणजे गाव वसविणाऱ्या मूळ कुळांची संस्था. या कुळांना वांगड म्हणतात. कुंकळ्ळीत असे बारा वांगड. गावाची जमीन सामाईक, बांधबंदिस्ती सामाईक आणि देऊळही सामाईक. पुजारी, वाजंत्री, दिवटी धरणारा, माळा करणारा, मडकी घडविणारा अशा प्रत्येकाच्या निर्वाहासाठी जमिनीचा तुकडा नेमून दिलेला असे. त्यामुळे देऊळ हे केवळ पूजेचे स्थान नव्हते. तेथे गावाची सभा भरे, तेथेच न्याय होई, तेथूनच पेरणीचा आणि कापणीचा कौल घेतला जाई. देऊळ पाडणे म्हणजे गावाचा कणा मोडणे, हे परकीय सत्ताधीशांना चांगले ठाऊक होते.

१५६७ ते १५८३

सासष्टी आणि बारदेश हे दोन महाल १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगीजांच्या हाती आले. धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कन पंथीयांना आणि सासष्टी जेझुइटांना नेमून देण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने सासष्टीतील देवळे पाडण्याची मोहीम काढली. त्या मोहिमेत पडलेल्या देवळांची संख्या सुमारे २८० सांगितली जाते आणि ही माहिती विजेत्यांच्याच बखरींतून आलेली आहे. देवळांना नेमून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या आणि जेझुइटांच्या संस्थांकडे वळविण्यात आले.

याच काळात गोमंतकातील देवदेवता घर सोडून निघाल्या. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला आणि मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. हा प्रवास बहुधा एका नदीचा किंवा एका डोंगराचा होता. पलीकडच्या तीरावर पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पलीकडचा हा मुलूखही पोर्तुगीजांकडे गेला, तोवर काळ बदलला होता आणि तेथील देवळांना हात न लावण्याची हमी त्यांना द्यावी लागली. आज फोंडा आणि केपे परिसरात दिसणारे देवळांचे वैभव त्या स्थलांतराचे फलित आहे.

कुंकळ्ळीने मात्र निमूटपणे निघून जाणे पत्करले नाही. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडे या दक्षिण सासष्टीच्या गावांनी सारा देण्याचे नाकारले. त्यांच्यावर लष्करी मोहिमा निघाल्या, देवळे जाळली आणि पाडली गेली. लोकांनी ती पुन्हा उभारली आणि ती पुन्हा पाडली गेली. अखेर जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट धर्मगुरू कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा निवडण्यास आले असता गावकऱ्यांनी त्यांना घेरून ठार केले. त्यांच्याबरोबर आलेले काही स्थानिक ख्रिस्तीही त्यात मारले गेले. या पाचांत काही काळ अकबराच्या दरबारी राहिलेला रुदोल्फो आक्वाव्हिवा होता आणि देवळे पाडण्याच्या मोहिमेत प्रत्यक्ष सहभागी झालेला पिएत्रो बेर्नोही होता. चर्चने १८९३ मध्ये या पाचांना धन्य हुतात्मे म्हणून घोषित केले.

या हत्येचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही आणि ती लपविण्याचेही कारण नाही. ज्यांच्या देवघरावर कुदळ चालली त्यांनी शस्त्र उचलले, ही इतिहासाची नोंद आहे. त्यानंतर जे घडले त्याचीही नोंद तितक्याच ठळकपणे व्हायला हवी. तहाची बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळी परिसरातील सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविण्यात आले. दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून ते गेले. त्यांतील पंधरा जणांची तेथेच कत्तल झाली. एकाने नदीत उडी घेतली आणि तो कारवारकडे निसटला, असे परंपरा सांगते. गावकऱ्यांचे हक्क काढून घेण्यात आले आणि जमिनी परकीय सरदारांच्या वतनाखाली गेल्या. १८५७ च्या पावणेतीनशे वर्षे आधी एका युरोपीय सत्तेविरुद्ध उठलेल्या या गावाचे नाव आपल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या गैरहजर राहिले. त्या प्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला २००३ साल उजाडावे लागले, आणि तेही गावातील लोकांच्या धडपडीतून.

याच धुमाळीच्या काळात देवी फातर्प्याला गेली.

पंचमीचे माहेर

कोकणात सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. कितीही वर्षे लोटली, नातवंडे झाली, तरी शेजारणींसाठी ती माहेरच्या गावाचीच असते. कुंकळ्ळीकरणीचे तसेच आहे. वर्षातून एकदा ती माहेरी येते. फाल्गुन शुद्ध पंचमीला तिची पालखी फातर्प्याहून निघते आणि कुंकळ्ळीस येते. पालखीबरोबर बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या असतात. म्हणून या उत्सवाला छत्रोत्सव म्हणतात. स्थानिक बोलीत त्याचे नाव 'सोंत्र्यो'. ढोलताशांच्या गजरात छत्र्या नाचविल्या जातात, गुलालाने वाट लाल होते, अवघे गाव रस्त्यावर येते.

या उत्सवाचे मर्म बाह्य सोहळ्यात शोधल्यास सापडणार नाही. एखादा समाज आपल्या गमावलेल्या स्थानाची आठवण कशी ठेवतो? कोणी ग्रंथ लिहितो, कोणी स्मारक बांधतो, कोणी सूड मनात धरतो. कुंकळ्ळीच्या लोकांनी यांपैकी काहीच केले नाही. ते दरवर्षी चालत राहिले. ज्या वाटेने देवीला बाहेर न्यावे लागले, त्या दिशेने तिला एक दिवस परत आणायचे, एवढाच त्यांचा नेम. लिहिता न येणारा शेतकरीही जो इतिहास विसरू शकत नाही असा इतिहास त्यांनी पायांनी लिहून ठेवला. छत्री कोणत्या वांगडाची, ती कोणी धरायची, पालखी कोठे थांबायची, हे बापाने मुलाला दाखवायचे आणि मुलाने नातवाला. एका अर्थाने हीच त्या गावाची सनद आहे. ती कोणत्याही दफ्तरखान्यात नसल्यामुळे ती कोणाला जप्त करता आली नाही.

या उत्सवाचा आणखी एक पैलू आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही. बारा वांगडांपैकी अनेक घरांच्या काही शाखा त्या काळात ख्रिस्ती झाल्या. काही भयाने, काही जमिनीच्या ओढीने, काही जगण्याच्या विवंचनेत. आज त्यांची आडनावे पोर्तुगीज आहेत, उपासनापद्धती वेगळी आहे. असे असूनही आपण कोणत्या वांगडाचे हे त्यांच्यातील अनेकांना ठाऊक आहे आणि पंचमीला ते या उत्सवात सहभागी होतात. असोळण्याच्या किल्ल्यात मारले गेलेले प्रमुख त्यांचेही पूर्वज आहेत आणि स्मारकासाठी झटणाऱ्यांत ख्रिस्ती कुंकळ्ळीकरही होते. उपासना बदलली तरी पूर्वज बदलत नाहीत, हे सूत्र आपण व्यासपीठांवरून पुष्कळदा मांडतो. कुंकळ्ळीत ते भाषणाविना जगले जाते.

म्हणून छत्रोत्सवाकडे कोणी कोणाविरुद्धची मिरवणूक म्हणून पाहू नये. सोळाव्या शतकातील अत्याचार करणारी सत्ता लयाला गेली. आज शेजारच्या घरात राहणारा मनुष्य त्या अत्याचाराचा वारस नाही. तो त्या अत्याचाराने आपल्यापासून तोडलेला भाऊबंद आहे. त्याच्याशी वागताना हा फरक ज्याला कळला नाही, त्याला कुंकळ्ळीचा इतिहास कळलाच नाही. देवी माहेरी येते तेव्हा ती साऱ्या भावंडांच्या घरावरून जाते. तिची वाट अरुंद करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

महाजनकी : मालकी की सेवा?

परक्यांनी केलेल्या आघातांची चर्चा आपण आवेशाने करतो. घरातल्या दोषांविषयी बोलताना मात्र जीभ अडखळते. परंतु देवीच्या समोर उभे राहून अर्धेच सत्य बोलता येत नाही.

गोव्यातील देवस्थाने महाजन चालवितात. या पद्धतीला पोर्तुगीज राजवटीने १८८६ मध्ये कायद्याची चौकट दिली आणि १९३३ मध्ये ती नव्याने बांधली. महाजनांची नोंदवही, समितीची निवडणूक, सरकारी देखरेख, हे सारे त्या चौकटीतून आलेले आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मात्र देवस्थानांचा कारभार आजही त्याच चौकटीत चालतो. या पद्धतीचे गुण मोठे आहेत. ज्यांनी संकटकाळी मूर्ती उचलून नेली, आश्रयस्थानी पदरमोड करून देऊळ उभारले, त्यांच्या वंशजांनी निष्ठेने कारभार सांभाळला. गोव्यातील देवळांची स्वच्छता, शिस्त आणि हिशेब यांचे कौतुक बाहेरून येणारा प्रत्येक भाविक करतो, ते उगीच नाही.

मात्र नोंदवहीत नाव असणे म्हणजे देवीवर मालकी असणे नव्हे. देऊळ एकट्या महाजनांनी कधीच चालविलेले नाही. दिवटी धरणारा, ढोल वाजविणारा, मडकी देणारा, तेल पुरविणारा आणि देवळाचे अंगण झाडणारा यांच्याशिवाय एकही उत्सव पार पडला नसता. देवी फातर्प्याला नेली तेव्हा हेच सारे तिच्या मागोमाग चालले असणार. आणि ज्या स्त्रियांना देवाच्या नावाने बांधून समाजाने दुय्यम आयुष्य जगायला लावले, त्यांची व्यथाही याच मंडपांत घडलेली आहे. विसाव्या शतकात त्यांच्याच समाजाने संघटित होऊन ती प्रथा मोडली, शिक्षण आणि कला यांच्या बळावर मान मिळविला. त्याचे श्रेय त्यांचे आहे, आपले नव्हे.

आज गोव्यातील अनेक देवस्थानांत पालखीचा मान कोणाचा, छत्र कोणी धरायचे, गाभाऱ्यापर्यंत कोणी जायचे यांवरून तंटे होतात. प्रकरणे मामलेदाराकडे जातात, न्यायालयात जातात. कधी ऐन उत्सवात पोलिसांचा पहारा बसतो. इन्क्विझिशनला जो उत्सव बंद पाडता आला नाही, तो आपसांतील मानपानामुळे बंद पडावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. शिव आणि विष्णू यांच्यातील युद्ध थांबविणारी देवी आपल्या लेकरांच्या भांडणात फाईलवरचे एक नाव होऊन पडते. कायद्याने देवता ही व्यक्ती मानली जाते. ती खरोखरच साक्षीला उभी राहिली, तर कोणाच्या बाजूने बोलेल याचा विचार दोन्ही पक्षांनी करावा.

परंपरेचा मान राखूनही वाट काढता येते. बारा छत्र्या बारा वांगडांच्याच राहोत. ती इतिहासाची खूण आहे आणि ती पुसली जाऊ नये. परंतु पालखीच्या मागे चालण्याचा, अंगणात बसून प्रसाद घेण्याचा, समितीच्या कामात हातभार लावण्याचा अधिकार गावातील प्रत्येक ज्ञातीला असला पाहिजे. मान पूर्वजांच्या नावाने मिळतो, सेवा मात्र प्रत्येकाला स्वतःच करावी लागते. ज्या दिवशी महाजन आणि सेवेकरी यांच्या पंगती वेगळ्या मांडल्या जाणार नाहीत, त्या दिवशी देवीचे खरे पुनःस्थापन झाले असे म्हणता येईल.

दगड आणि आठवण

२०२२ मध्ये गोवा सरकारने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनरुभारणीसाठी अर्थसंकल्पात वीस कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. या घोषणेचे अनेकांनी स्वागत केले आणि अशी इच्छा समाजाच्या मनात असणे स्वाभाविकही आहे. परंतु चारशे वर्षांत मूळ जागांवर काय काय उभे राहिले, कोठे वस्ती झाली, कोठे शेती झाली, हे ध्यानी घेतले तर प्रत्येक देऊळ जागच्या जागी उभारणे किती अवघड आहे हे उमजते. शिवाय देवता ज्या गावांनी आश्रय दिला तेथे आता स्थिरावल्या आहेत. फातर्प्याने कुंकळ्ळीकरणीला चार शतके सांभाळले. आपल्याच नावाची दुसरी देवी शेजारी आली तेव्हा फातर्पेकरणीने तिला परकी मानले नाही. यजमान गावाच्या या औदार्याचे ऋण कोणत्याही निधीने फिटणारे नाही.

आठवण टिकविण्याचे काम मात्र सरकारच्या तिजोरीवर सोपविता येणार नाही. प्रत्येक देवतेच्या स्थलांतराची वाट, प्रत्येक वांगडाची वंशावळ, प्रत्येक सेवेकरी घराण्याचे काम, उत्सवातील गीते आणि गाऱ्हाणी हे सारे आज वृद्धांच्या मुखात आहे. त्यांच्यातील एकेक जण जाताना देवळाचा एकेक खांब घेऊन जातो. हा खांब कोणत्याही बुलडोझरने पडत नाही, म्हणून त्याच्या पडण्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

हे काम घराघरातून सुरू व्हायला हवे. गोव्याशी नाते सांगणारी हजारो कुटुंबे मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार येथे स्थायिक झाली आहेत. कुलदेवतेला वर्षातून एकदा नारळ ठेवण्यापलीकडे तिच्याविषयी त्यांना फारसे माहीत नसते. आपली कुलदेवता मूळ कोणत्या गावची, ती तेथून कधी आणि का निघाली, तिला कोणी आश्रय दिला, हे घरातील ज्येष्ठांकडून ऐकून मुलांनी लिहून काढावे. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रकिनाऱ्याबरोबर एक दिवस कुंकळ्ळी आणि फातर्पा यांच्यासाठी ठेवावा. आधी प्रमुखांच्या स्मारकापाशी क्षणभर उभे राहावे आणि मग देवीचे दर्शन घ्यावे. ज्या कार्यकर्त्यांना शक्य आहे त्यांनी फाल्गुन पंचमीला पालखीबरोबर चालावे. पुढारी म्हणून मिरविण्यासाठी नव्हे, तर गर्दीतील एक होऊन, पायांना गुलाल लागेपर्यंत चालावे.

सांजवेळी कुंकळ्ळीच्या वाटेवर बारा छत्र्या डुलत येतात तेव्हा रस्त्याच्या कडेला एखादी आजी नातवाला सांगताना दिसेल, की ही आपली देवी, आपल्या गावी आली आहे. त्या नातवाला १५८३ हे साल ठाऊक नसेल, जेझुइटांची नावे ठाऊक नसतील. त्याला एवढेच कळेल की देवीचे गाव हेच आपले गाव आणि ती दरवर्षी येते. त्या बालमनात रुजलेला हा विश्वास म्हणजेच कुंकळ्ळीचे पाडता न आलेले देऊळ. त्याची डागडुजी करणे आता आपल्या पिढीकडे आले आहे.